राजनंदिनीचं दप्तर

फोटोत राजनंदिनी हसत होती, आणि मला आधी तेच लागलं. रडत असती, मान खाली घालून उभी असती, तर मी कुणाची तरी कॉलर धरायला मोकळा झालो असतो. पण ती हसत होती, पुढचे दोन दात पडलेलं तोंड उघडं टाकून. छातीशी गच्च धरलेलं गुलाबी दप्तर, त्याच्यावर चमकीची बाहुली. शेजारी तालुक्याचे पुढारी विजयसिंहदादा. दादांची दोन बोटं माझ्या पोरीच्या डोक्यावर आणि नजर कॅमेऱ्याकडं. शाळेच्या ग्रुपवर फोटोखाली लिहिलं होतं, 'ऊसतोड मजुरांच्या गरजू पाल्यांना दप्तरवाटप'. दुपारचे पावणेदोन. मी आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये, समोर उघडी मोटार, हातात तांब्याची तार. हात तसाच राहिला. शेजारच्या टेबलावरून बद्रीनाथ सर म्हणाले, "काय हो, करंट बसला का?" आणि उठून माझ्या खांद्यावरून वाकून त्यांनी फोटो बघितला. "ही तुमचीच ना? आँ? तुमी कधी गेलता उसाला?" मी म्हणालो, "छे! शाळेचा घोळ हाय." अकरा वर्षं या माणसासोबत रोज डबा खातोय. आणि ते 'छे' इतकं झटकन निघालं की ते माझ्या तोंडात अकरा वर्षं तयारच बसलेलं असणार.

मग फोटो बोटांनी मोठा केला. गुरुवारी गणवेशाची सक्ती नसते म्हणून तिच्या अंगात निळा फ्रॉक होता. शेजारच्या बीबीजानच्या नातीचा, नाजियाचा, तिनं दोन वर्षं वापरून आमच्याकडं आलेला. खांद्यावर पिवळ्या कापडाचं ठिगळ, मी माझ्या हातानं घातलेलं, फुलाच्या आकाराचं. त्या ठिगळाचा मला अभिमान होता. आमच्या घरात लेकरांना नवं कापड येत नाही. राजनंदिनी जन्मली तेव्हा बीबीजाननं आपले जुने सुती दुपट्टे, कैक धुण्यांनी लोण्यासारखे मऊ झालेले, गठुडं बांधून आणून दिले. म्हणाली, "ले बेटा, बच्चे की चमडी को येच अच्छा." त्याचे लंगोट केले, आणि पुढं धाकटा अजिनाथही त्याच्यावरच वाढला. बाजारातल्या त्या फुगणाऱ्या चड्ड्या आमच्या दारात एकदाही आल्या नाहीत. पुड्यातला खाऊ नाही. वाढदिवसाला फुगे नाहीत. दोन्ही लेकरांची आंघोळ एका बादलीत, आणि ते पाणी पपईला. भांडी राखेनं, त्यांचं पाणी कढीपत्त्याला. भाज्यांची देठं, साली फुटक्या रांजणात, त्याचं खत. कॉलनीत मला मागून 'कचरासर' म्हणतात, मला माहीत आहे. म्हणा. ज्यांच्या दारात गाडी धुवायला टँकर येतो त्यांची अक्कल मला नको. असं मी रोज स्वतःशी बोलायचो, आणि बोलून मला बरं वाटायचं. त्या दुपारी पहिल्यांदा ध्यानात आलं की दादाला, त्याच्या फोटोवाल्याला, शाळेच्या बाईंना माझ्या पोरीच्या खांद्यावर फूल दिसलंच नसणार. ठिगळ दिसलं. आणि त्यांचं चुकलं कुठं? ठिगळच ते.

अर्धी रजा टाकून निघालो. स्कूटरवर वाक्यं जुळवत होतो. बाई, मी सरकारी नोकर आहे. बाई, माझी बायको सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. बाई, साधं राहणं आणि गरीब असणं यात फरक असतो, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला एवढं कळू नये? हे शेवटचं वाक्य मला फार आवडलं. ते मी दोनदा मोठ्यानं म्हणून बघितलं. बायपासला उसाचा ट्रॅक्टर आडवा आला, मागं दोन ट्रॉल्या, आणि त्याच्यामागं अडकून मी किलोमीटरभर रांगत गेलो. तुटलेल्या उसाचा वास असतो, गोड नाही, ओला, हिरवा, घशात बसणारा. तो नाकात गेला की माझं वय सात होतं, माझ्या परवानगीशिवाय. कारखान्याच्या खाली, कॅनॉलच्या काठाला, बांबूच्या कामट्या वाकवून त्यावर उसाचं वाळलेलं पाचट टाकलेली आमची कोपी. आत वाकूनच जायचं, बाहेर वाकूनच यायचं. बाप आणि माय मिळून एक कोयता. तिकडं माणसं मोजत नाहीत, नवरा-बायकोची जोडी मोजतात, आणि तिला कोयता म्हणतात. पहाटे फडात जाताना माय मला दीड तांब्या पाण्यात आंघोळ घालायची. दीड. पहिला तांब्या डोक्यावरून, उरलेला अर्धा जिथं साबण राहिला तिथं. आणि खाली परात, परातीतलं पाणी बैलाच्या खुरांवरचा चिखल धुवायला. तिचं लुगडं फाटलं की त्याचा परकर, परकर फाटला की वाकळीच्या आतला थर, वाकळ फाटली की माझ्या बहिणीचे लंगोट, आणि लंगोट विरले की चुलीपुढचं पोतेरं. पोतेरंही संपलं की चुलीत. त्या कोपीतून सहा महिन्यांत बाहेर काय पडायचं? राख. आणि तीही भांड्यांना लागायची म्हणून उरायची नाही. हे सगळं मी मागच्या महिन्यात एका कॉलेजात पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं होतं. 'शून्य कचऱ्याचं घर.' पोरांनी विचारलं, सर, तुम्ही हे कुठून शिकलात? मी म्हणालो, वाचून. इंटरनेटवर खूप चांगले व्हिडिओ आहेत.

ट्रॅक्टर वळला तरी मी त्याच्याच गतीनं चालवत राहिलो. चौथीत होतो. उसाहून परत आलो तेव्हा शाळेचे दोन महिने राहिले होते. शिरूर कासारच्या पलीकडचं आमचं गाव, एका खोलीची शाळा. गुरुजींनी विचारलं, उसाला कोण कोण गेलतं? हात वर करा. कुठल्या तरी संस्थेनं दप्तरं दिली होती, खाकी, दोन खिशांची, गुरुजींच्या खुर्चीमागं त्यांची चळत. बारा हात वर गेले. माझा नाही गेला. मी तो मांडीखाली घातला आणि वरून बसलो. गावात राहिलेली पोरं आम्हाला 'कोपीचे' म्हणायची, नाक धरून दाखवायची, आणि मला वाटलं दोन महिनेच तर आहेत, कुणाला कळणार आहे. अंगावर उसाच्या पात्यांचे चरे होते, गालापासून कोपरापर्यंत, आणि मला वाटत होतं कुणाला कळणार नाही. गुरुजींनी माझ्याकडं बघितलं, मग वही मिटली. माझी पुस्तकं त्या वर्षी खताच्या पोत्याच्या पिशवीत राहिली. मायनं दाभणानं शिवलेली. ती खांद्याला इतकी काचायची की अजून कधी कधी, शर्ट बदलताना, मी तिथं हात लावून बघतो.

शाळेपाशी पोचलो तेव्हा शाळा सुटली होती. घरी आलो तर राजनंदिनी दप्तर पाठीला लावून जेवत होती. काढायलाच तयार नव्हती. अजिनाथ मागून बाहुलीची चमकी नखानं खरवडत होता आणि ती न वळता त्याला कोपरानं ढकलत होती. माय गवारीच्या शेंगा निवडत बसली होती. बायकोची, तेजश्रीची, दवाखान्यात सकाळपाळी होती, ती नुकतीच येऊन तोंड धुत होती. मी चप्पल न काढताच विचारलं, "ही बॅग कावून घेतली?" राजनंदिनी म्हणाली, "दादांनी दिली." "तुलाच कावून दिली?" "बाईंनी विचारलं, कुणाच्या घरचे कोयतेवाले हायेत, हात वर करा. मी केला." तोंडातला घास गिळून, अगदी सहज. मी म्हणालो, "आपण कोयतेवाले हाव का?" तिनं माझ्याकडं असं बघितलं जसं मीच काही तरी विसरलोय. "हाव की. आजी म्हणती. आजीनं एका दिसात दीड टन तोडला होता. आजीचा फोटो न्हाई, न्हाईतर बाईंना दाखवला असता." आणि तिनं तो हात परत वर करून दाखवला, खरकटा, कोपरापासून ताठ, नखं कापलेली पाच बोटं पसरून.

माझा राग कुठं जावा? तो गेला मायकडं, नेहमीसारखा. "माय, तू लेकराला काय सांगून ठिवलंस?" "काय?" "आपण कोयतेवाले म्हणून." तिनं शेंग मोडली. "मंग कोण हाव? सरदार हाव का?" मी म्हणालो, लोकांपुढं शोभा झाली, फोटो सगळ्या ग्रुपवर फिरतोय, गरजू म्हणून लिहिलंय. ती म्हणाली, "ठिगळ लावून धाडतोस अन् गरजू म्हणलं की चावतोस. म्या इतके हंगाम कोयता हाणला, तुला शिकवलं, नोकरीला लावलं, ते माझ्या नातीनं दुसऱ्याचा फ्रॉक घालाया?" "माय, ते वेगळं हाय. ते पर्यावरण हाय." "असंल. आमी करत होतो तवा त्याला नाव न्हवतं." मी जरा नमतं घेतलं, म्हणालो, तेच म्हणतोय, तुमचं जगणंच किती शहाणं होतं. तिनं सूप खाली ठेवलं. "शहाणं कशाचं? न्हवतंच काही तर टाकावं काय? पाणी लई असतं तर मी तुला दीड तांब्यात कावून धुतलं असतं रे? हंड्यानं वतलं असतं." मग माझ्याकडं न बघता, "अन् लोकायला सांगतोस फोनातनं शिकलो. राखंनं भांडी घासाया फोननं शिकवलं तुला. त्या कॉलेजात मला बी नेलतंस, पाहुणीवाणी मागं बसवलंस. मी आपली वाट बघत होते. आता घील नाव, मंग घील."

मला आठवलं, भाषण झाल्यावर ती परतीच्या वाटेवर काहीच बोलली नव्हती. मी विचारलं होतं, आवडलं का गं? तर म्हणाली होती, पंखा लई जोरात होता.

तेजश्री टॉवेल हातात धरून दारात उभी होती. ती भांडत नाही, ती सरळ विचारते, आणि ते जास्त वाईट. पण तिच्या आधी राजनंदिनीच बोलली, कुणी न विचारता, दप्तराचे पट्टे दोन्ही हातांनी धरून. "वीसच होत्या. वैष्णवीला मिळाली न्हाई. ती लई रडली." वैष्णवी म्हणजे तिच्याच वर्गातली, आमच्या मागच्या वस्तीतली. आईबाप दिवाळी झाल्यावर उसाला गेलेत, ती आजीकडं, छबुबाईकडं, राहते. म्हणजे एकविसावं लेकरू वैष्णवी. आणि विसावं माझं. हे माझ्या डोक्यात आलं तसं ते पोरीच्याही डोक्यात दुपारपासून असणार, कारण तिनं लगेच पुढं म्हटलं, "पण मी आधी हात वर केला होता." मी म्हणालो, "बाळा, ती बॅग वैष्णवीची हाय." "न्हाई. माझी हाय." मी हात पुढं केला. नुसता पुढं केला, घ्यायला नाही, निदान मला तसं वाटलं. ती उठून भिंतीला पाठ लावून उभी राहिली, दप्तर भिंतीत दाबून, आणि ओरडली, "तुमी मला कधीच नवं काही घेत न्हाई! सगळं नाजियाचं असतं! ह्याला नवा वास येतो!" आणि त्यानंतर ती माझ्याशी बोलायची बंद झाली.

नवा वास. रेक्झिनचा, गोंदाचा, डोकं चढवणारा वास, ज्याच्याविषयी मी दोन पानांचं पत्रक काढलं होतं. तेजश्री हळू म्हणाली, "अहो, मी सगळ्याला हो म्हणले. लंगोटाला, राखंला, एका बादलीला. मला पटलं म्हणून म्हणले. पण ही कधी हो म्हणली? आपण विचारलं हिला?" मी पायरीवर जाऊन बसलो. ऊन उतरलं होतं. पपईच्या बुंध्याशी आंघोळीचं पाणी मुरून माती काळी झालेली. मला त्या मातीचा राग आला. वाटलं, चौथीत मी मांडीखाली हात दाबला, आणि ही सहा वर्षांची पोर वर्गात सगळ्यांपुढं ताठ हात करून म्हणते कोयतेवाले, आणि मी उद्या शाळेत जाऊन तो हात खाली ओढणार आहे. तिनं केलं ते खोटं होतं का? नाही. खरं होतं का? यंदाच्या हंगामापुरतं तेही नाही. सरळ जगायला निघालेल्या माणसाला या जिल्ह्यात असं एकही वाक्य मिळत नाही जे पूर्ण खरं आहे.

माय मागून येऊन उंबऱ्यावर बसली. आत राजनंदिनी बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडली होती, पाठीला दप्तर तसंच. माय म्हणाली, "चौथीतलं मला ठावं हाय." मी वळलो. "काय ठावं हाय?" "हात वर न्हाई केलास ते. गुरुजी घरी आलते त्या दिशी. म्हणले, कडूबाई, पोरगं लाजलं, एक दप्तर म्या बाजूला ठिवलंय, घिऊन जा. म्या म्हणलं, नगं." मी एवढंच विचारलं की कावून. ती म्हणाली, "तू हात खाली ठिवलास. तुझा हात म्या वर कशी करू? तुला कळलं असतं मला कळलंय. मंग तू माझ्या तोंडाकडं बघितलं असतंस का?" आणि पदरानं नाक पुसून, "म्हणून पोत्याची शिवली. दाभण बोटात गेलं होतं. लई घाण शिवली होती, न्हाई का?"

तीस वर्षं. तीस वर्षं या बाईला माहीत होतं की मला तिची लाज वाटली होती, आणि तिनं ते माझ्यापुढं एकदाही ठेवलं नाही. ना भांडणात, ना दुखण्यात, ना बाप गेला तेव्हा. कॉलेजात मागच्या बाकावर बसून वाट बघितली, आणि पंखा जोरात होता म्हणाली. मी आयुष्यभर चिडत आलो, कारखान्यावर, मुकादमावर, दादावर, टँकरवर, प्लास्टिकवर, आणि मला वाटायचं हा राग माझी कमाई आहे. पण राग करायला माणसाचं पोट भरलेलं लागतं, पाठ झाकलेली लागते, आणि कुणीतरी त्याचं गुपित पोटात घालून गप्प बसलेलं लागतं. हे मला कुणी दिलं? मी तिच्याकडं बघितलं. गालावर तिच्याही चरे आहेत, आता सुरकुत्यांत मिसळलेले, कुठला पात्याचा आणि कुठला वयाचा सांगता येत नाही. मला म्हणायचं होतं ते मराठीत नीट म्हणता येत नाही. आमच्याकडं मायला कुणी 'आभार' म्हणत नाही, ती हसेल. मी म्हणालो, "घाण न्हवती शिवली." ती म्हणाली, "खोटं नको बोलू."

तेवढ्यात आतून आवाज आला, बाजेवरून, भिंतीकडं तोंड ठेवूनच. "आजी, मग पप्पाची बॅग कुणी नेली?" माझ्याशी बोलत नव्हती, आजीशी बोलत होती. माय म्हणाली, "नेली असंल कुण्या लेकरानं. गुरुजी काय घरी घिऊन बसत्यात का?" "त्याला आवडली का?" "आवडली असंल की. न आवडाया काय झालं." मी उठून बाजेपाशी गेलो आणि तिच्या पाठीला, म्हणजे त्या चमकीच्या बाहुलीला, म्हणालो, "नंदा, बॅग वैष्णवीची हाय. तुझ्याकडून मी हिसकून घेणार न्हाई. उद्या मी शाळेत येतो. तू देशील तर दे. पण तू हात वर केला त्यात चूक काहीच न्हाई. ती चूक माझी हाय, तीस वर्षांपूर्वीची." तिला यातलं काय कळलं मला माहीत नाही. बाहुलीची एक बाजू अजिनाथनं खरवडून पांढरी केली होती.

सकाळी मी वेणी घालत असताना ती बोलली नाही. डबा घेताना बोलली नाही. मग दप्तर बाजेवर उलटं केलं, एक एक पुस्तक बाहेर काढलं, पाटी काढली, खडूची डबी काढली, आणि चेन लावली. तिची जुनी पिशवी, मायच्या नऊवारीची, खुंटीला होती. तिकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. पुस्तकं छातीशी धरली, दप्तर दोन बोटांत लोंबकळत घेतलं आणि स्कूटरपाशी जाऊन उभी राहिली. माय म्हणाली, "मी बी येते." मी नको म्हणालो नाही. पुढं पोर उभी, मागं माय, आणि माझ्या जुळवलेल्या वाक्यांतलं एकही जागेवर नव्हतं.

शाळेच्या दारात बाई भेटल्या. तरुण आहेत, चांगल्या आहेत, रात्रीच त्यांना कुणीतरी सांगितलं असणार. मला बघताच गोऱ्यामोऱ्या झाल्या. "सर, माफ करा हं, गैरसमज झाला. तिनं हात वर केला, आणि मी... म्हणजे कपड्यांवरून... तुम्ही कोयतेवाले नाहीत हे मला माहीतच नव्हतं. मी आत्ताच ग्रुपवर तसं टाकते, चालेल ना?" किती सोपं होतं. एक 'हो' म्हणायचं, आणि ग्रुपवर आमचं घर परत वर जाऊन बसलं असतं. राजनंदिनी पुस्तकांवरून माझ्या तोंडाकडं बघत होती. माय दुसरीकडं बघत होती, मुद्दाम, मला मोकळं सोडून, जशी ती नेहमी सोडते. मी म्हणालो, "बाई, तसं टाकू नका. आमी कोयतेवालेच हाव. ही माझी आई, बारा हंगाम गेली. मी तिच्यासंगं कोपीत वाढलो. घरात जे काही आमी करतो, ते हिचं बघून करतो. पोरगी खरं बोलली." माझा आवाज उगीच मोठा झाला होता. दोन-तीन बाया वळून बघायला लागल्या. "फक्त यंदा आमच्यातलं कुणी गेलेलं न्हाई. यंदा जे गेलेत त्यांच्या लेकराची ही बॅग हाय. एवढंच." बाई मान हलवत राहिल्या. माय म्हणाली, "अन् चौदा हंगाम. बारा आपल्या गावच्या टोळीत अन् दोन परक्या. नीट सांगावं माणसानं."

छबुबाई वैष्णवीला घेऊन आली होती. राजनंदिनी तिच्यापुढं गेली आणि दप्तर पुढं केलं, तोंडानं काही न बोलता. वैष्णवीनं आजीकडं बघितलं. छबुबाईनं दप्तर घेतलं, चेन ओढून बघितली, परत ओढून बघितली, आत हात घालून शिवण तपासली. "बाहुली कावून खरवडली गं?" राजनंदिनी म्हणाली, "भावानं." "एकच दिस होती का तुझ्याकडं?" "व्हय." "बरं," छबुबाई म्हणाली, आणि नातीच्या पाठीला लावून पट्टे ओढले. धन्यवाद वगैरे काही नाही. कशाला असेल? तिचंच होतं. राजनंदिनीनं पुस्तकं छातीशी आणखी घट्ट धरली, पण ती रडली नाही. मला वाटलं रडावं तिनं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवणार होतो, पण काल तिथं दुसऱ्याची दोन बोटं होती, म्हणून ठेवला नाही.

मग माय गेटकडं वळली ती तिथंच थांबली. कंपाउंडच्या भिंतीला कालच्या कार्यक्रमाचा फ्लेक्स अजून लटकत होता, एका बाजूनं सुटलेला, वाऱ्यावर फडफडत. दहा फूट बाय पंधरा, आणि त्यात बारा फूट विजयसिंहदादा, हात जोडलेले. मी अशा फ्लेक्सविरुद्ध अर्ज करून थकलो आहे. ती वस्तू जाळली तर धूर विषारी, पुरली तर शंभर वर्षं कुजत नाही. माय मात्र जवळ जाऊन त्याचं कापड अंगठ्यानं चोळून बघत होती, बाजारात लुगडं बघावं तशी. "छबे," तिनं हाक मारली, "तुझ्या लेकाच्या कोपीला वरून काय टाकलंय गं?" छबुबाई म्हणाली, "पाचटच हाय. थंडी लई हाय म्हणत होता फोनवर. लेकरू बारकं हाय संगं." "मंग हे धाड. परवा ट्रॅक्टर जायचा हाय ना तिकडं?" बाई घाईनं आल्या, "अहो आजी, ते दादांचं..." मी म्हणालो, "कार्यक्रम झाला ना काल?" आणि भिंतीवर चढलो. आयटीआयचा निदेशक, 'कचरासर', पायातल्या चपलेनं भिंतीच्या विटेचा आधार घेत, फ्लेक्सच्या दोऱ्या सोडत होतो. माझ्या घरात जी चीज मी येऊ दिली नसती ती मी दोन्ही हातांनी, फाटू नये म्हणून जपून, उतरवली.

मैदानात अंथरला. घडी घालायला चार टोकं लागतात. एक मायनं धरलं, एक छबुबाईनं, एक मी. चौथं वाऱ्यानं उडत होतं. राजनंदिनीनं पुस्तकं पायरीवर ठेवली, पळत आली आणि टोकावर आधी पाय दिला, मग ते दोन्ही हातांत धरलं. दादांचा चेहरा तिच्या बाजूला आला होता. तिनं वाकून त्याच्याकडं नीट बघितलं, मग मान वर करून माझ्याकडं.

"पप्पा, हे तोंड वर ठिवायचं का खाली?"

कालपासून तिनं माझ्याशी बोललेले ते पहिले शब्द. मायच म्हणाली, "खाली ठिवलं तर रातभर लेकराकडं बघत बसंल मेलं. वर ठिवा. दहिवरानं रोज तोंड तरी धुतलं जाईल त्याचं." छबुबाई खदखदून हसली, बाईंनी तोंडावर पदर घेतला. राजनंदिनीला विनोद कळला नसावा, पण आम्ही हसतोय म्हणून तीही हसली, दात नसलेली, आणि मी म्हणालो, "वर, बाळा. घट्ट धर. आता माझ्याकडं चालत ये."